मदत हवी आहे: नाशिकच्या पंचवटीतल्या वाड्यात तळमजला घ्यावा का?

कपालेश्वर मंदिराच्या मागच्या गल्लीत एका जुन्या वाड्याचा तळमजला भाड्याने मिळतोय. आईला रोज काळारामाला चालत जाता येईल, म्हणून जागा मनात भरली आहे. भीती फक्त गोदावरीच्या पुराची. मालक म्हणतात, पाणी आत येत नाही. पण भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर पाण्याची रेघ दिसते, खालचा चुना हात लावला की झडतो. शेजाऱ्यांत कुणी ती २०१६ ची म्हणतं, कुणी २०१९ ची. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे वरचा मजला चालणार नाही. करार ११ महिन्यांचा, नोंदणी करून.

जुन्या रहिवाशांनी कृपया सांगा: दुतोंड्या मारुतीच्या (नदीपात्रातली मूर्ती, जिच्यावरून पुराची उंची ओळखतात) कुठवर पाणी चढलं की या गल्लीत शिरतं? आणि गंगापूर धरणातून विसर्ग वाढल्यावर सामान हलवायला साधारण किती वेळ मिळतो?