स्ट्रायकरविना ४-६-० : ताबा आमचा, पण गोल कुठे आहेत?

प्रश्न

फुटबॉल मॅनेजर २४ या संगणकीय खेळात माझ्या संघाला भरवशाचा स्ट्रायकर (गोल करणारा सर्वांत पुढचा खेळाडू) मिळेना आणि मधल्या फळीत मात्र चांगल्या खेळाडूंची गर्दी झाली, म्हणून मी ४-६-० रचना लावली, म्हणजे चार बचावपटू, सहा मिडफिल्डर आणि पुढे कोणीच नाही. सहा सामन्यांत चेंडू बहुतांश वेळ आमच्याकडेच होता, पण गोल जेमतेम तीन झाले. शेवटचा सामना मी संपूर्ण पाहिला, तेव्हा प्रतिस्पर्ध्यांचे दोन्ही सेंटर बॅक (मधले बचावपटू) निवांतपणे मध्यरेषेपर्यंत चालत येताना आणि आमचे सहाही जण त्यांच्यापुढे आडवे पास देत राहिलेले दिसले. रचना सोडावी, की भूमिका बदलाव्यात?

उत्तर १

रचना सोडू नका. या आवृत्तीत डावपेचांच्या फळ्यावर दिसते ती मुख्यतः चेंडू आपल्याकडे नसतानाची मांडणी असते आणि नेमकी इथेच अनेकांची फसगत होते. २०१२ च्या युरो अंतिम सामन्यात स्पेनने नेहमीच्या स्ट्रायकरविना सुरुवात करून इटलीला ४-० ने हरवले. त्यातला पहिला गोल मिडफिल्डर फाब्रेगास बचावफळीच्या मागे धावला म्हणून झाला आणि दुसरा तर लेफ्ट बॅक (डावा बचावपटू) जोर्दी आल्बाने मागून मुसंडी मारून केला. पुढची जागा रिकामी ठेवायची ती कोणीतरी वेळेवर तिथे पोहोचावे म्हणून. तुमच्याकडे पोहोचणाराच कोणी नाही. मधल्या अटॅकिंग मिडफिल्डरला शॅडो स्ट्रायकर (मागून धावत येऊन गोल करणारा) ही भूमिका द्या आणि एका फुलबॅकला, म्हणजे कडेच्या बचावपटूला, अटॅक ड्यूटी (पुढे जाऊन हल्ला करण्याची सूचना) द्या.

उत्तर २

भूमिका बदलल्या तरी खेळाडू तोच राहतो, हे वरच्या उत्तरात सुटले आहे. प्रशिक्षक स्पालेत्तीच्या रोमा या इटालियन क्लबात पुढे टोटी होता, आणि २००६-०७ मध्ये २६ गोल करून तोच सेरी आ या इटलीच्या अव्वल लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला. स्ट्रायकर नव्हता असे म्हणतात तो संघ हा! शॅडो स्ट्रायकर निवडताना पासिंगपेक्षा फिनिशिंग (संधीचे गोल करणे) आणि ऑफ द बॉल (चेंडू नसताना योग्य जागी धावणे) हे खेळाडूचे आकडे आधी पाहा, नाहीतर तो धावेल आणि चेंडू गोलरक्षकाच्या हातात देईल.

प्रश्नकर्ता

दोघांचेही ऐकून राखीव फळीतल्या एका विंगरला मध्ये आणले, कारण त्याचे पासिंग सुमार असले तरी ऑफ द बॉल संघात सर्वाधिक आहे. काल २-१ ने जिंकलो आणि दोन्ही गोल त्याचेच. खाल्लेला गोल मात्र पुढे गेलेल्या लेफ्ट बॅकच्या मोकळ्या जागेतून झाला, त्यामुळे आता त्या बाजूच्या मिडफिल्डरला मागे थांबवून पाहतो.