अनुदान मशीनला द्यायचं की वाचलेल्या युनिटला?

भट्टीकर
छोट्या कारखान्यांना वीज वाचवणाऱ्या मशीनच्या कर्जावर सरकारी सवलत द्यावी का, यावर हिशेबनीस यांनी शेजारच्या धाग्यावर लिहिलंय: "वीज वाचली तर बिल कारखानदाराचंच उतरणार. त्यासाठी सरकारने व्याजात सवलत देणं म्हणजे करदात्याच्या पैशाने त्याचा नफा वाढवणं. परवडत असेल तर तो स्वतःच करेल." दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

"स्वतःच करेल" हे गृहीतकच चुकीचं आहे. छोट्या कारखान्यात मीटर एकच, बिलही एकच. हवा दाबणारा कंप्रेसर किती खातो, भट्टी किती, कूलिंग टॉवरचा पंप किती, याचा वेगळा आकडा कुठेच नसतो. हवेच्या ७ बार दाबाच्या लाइनला ३ मिमीचं एक भोक पडलं की कंप्रेसरवर तीन-चार किलोवॅटचा बोजा वाढतो. वर्षाला ६,००० तास धरले तर १८ ते २४ हजार युनिट हवेत जातात. ते बिलात "गळती" असं लिहून येत नाही. जे दिसतच नाही त्यावर मालक पैसे कसे घालेल?

दुसरं, मोठ्यांसाठी यंत्रणा आधीपासून आहे. २०१२ला पॅट (मोठ्या ग्राहकांना ऊर्जा बचतीचं लक्ष्य देणारी सरकारी योजना) सुरू झाली तेव्हा सिमेंट, पोलाद, खत, कागद अशा ८ क्षेत्रांतले ४७८ मोठे ग्राहक त्यात घेतले. पहिल्या चक्राचं लक्ष्य होतं ६.६८६ दशलक्ष टन तेलाइतकी बचत, झाली ८.६७. या सगळ्यात फाउंड्री (धातूचं ओतकाम), फोर्जिंग, डाइंगवाले (कापड रंगवणारे) छोटे कारखाने कुठेच नव्हते. बीईईने (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने) जुलै २०२५मध्ये पानिपतला 'अदिती' योजना सुरू केली ती या लोकांसाठी: सूक्ष्म आणि लघुउद्योगांना व्याजात ५ टक्के, मध्यमांना ३ टक्के सवलत, किमान १० टक्के ऊर्जा बचत दाखवायची अट, तीन वर्षांसाठी १,००० कोटी. एवढ्यावरही कुणाच्या पोटात दुखत असेल तर काय बोलायचं?

हिशेबनीस
पोटात दुखत नाही, हिशेब मागतोय. गळतीचं उदाहरण तुम्हीच दिलंत. ती बंद करायला काय लागतं? टेफ्लॉन टेप, ओ-रिंग, होज क्लॅम्प, दोन बॉल व्हॉल्व्ह आणि सुट्टीच्या दिवशी एक फिटर. याला कर्ज कशाला आणि व्याजात सवलत कशाला? उदाहरण गळतीचं द्यायचं आणि पैसे नव्या कंप्रेसरसाठी मागायचे, हे बरोबर नाही.

गळती मोजायलाही ऑडिटर लागत नाही. सुट्टीच्या दिवशी हवा वापरणारी सगळी यंत्रं बंद, लाइनचे व्हॉल्व्ह उघडे, कंप्रेसर चालू. लोड (हवा भरणं) किती वेळ राहतो आणि अनलोड (हवा न भरता नुसतं फिरणं) किती वेळ, घड्याळावर बघायचं. लोड दीड मिनिट, अनलोड साडेतीन मिनिटं असेल तर पाचातले दीड, म्हणजे क्षमतेच्या ३० टक्के हवा गळतीत चालली आहे. मग प्रेशर सेटिंग. १ बार खाली आणलं की ६-७ टक्के वीज कमी लागते. यात सरकारचं काय काम?

आणि पॅटचं कौतुक जपून करा. बचत लक्ष्याच्या वर गेली कारण लक्ष्य ढिलं होतं. लक्ष्याहून जास्त वाचवणाऱ्यांना सुमारे ३८ लाख प्रमाणपत्रं वाटली आणि लक्ष्य चुकल्यामुळे ज्यांना ती विकत घ्यावी लागणार होती त्यांची गरज सुमारे १४ लाखांची. अशा बाजारात भाव टिकेल कसा?

लेथवाला
व्याज सवलतीवर भांडताय, पण आधी कर्ज मिळतं का ते विचारा. सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) घेतो म्हटलं की बँक कोटेशन मागते, कारण उत्पादन वाढणार आणि विक्री दिसणार. व्हीएफडीचा (गरजेनुसार वेग बदलणारा) कंप्रेसर किंवा रिकुपरेटर (भट्टीच्या धुरातली उष्णता परत वापरणारा) म्हटलं की पहिला प्रश्न, "यातून टर्नओव्हर किती वाढेल?" वाढत नाही हो, खर्च कमी होतो! त्यांच्या फॉर्ममध्ये त्याला रकानाच नाही. पाइपिंग, इन्सुलेशन, डक्टिंग यांना तारण म्हणून किंमत शून्य, कारण उद्या उचलून विकता येत नाही.

म्हणजे ५ टक्के सवलत मिळणार कुणाला? ज्याला कर्ज आधीच मिळतं त्याला. पूर्वीच्या सीएलसीएसएसमध्ये (छोट्या उद्योगांना नव्या तंत्रज्ञानासाठी भांडवली अनुदान देणारी योजना) निदान भांडवलावर थेट १५ टक्के होते, कमाल १५ लाख. ती मार्च २०२०ला बंद झाली. माझं म्हणणं, सवलत कमी करा पण कर्जाची हमी द्या.

मापक
दोन्ही बाजू मूळ अडचण सोडून बोलताहेत. १० टक्के बचत कशाच्या तुलनेत?

एक फाउंड्री घ्या. महिन्याला ९०,००० युनिट स्थिर जातात: होल्डिंग (वितळलेला धातू गरम ठेवणं), कूलिंग पंप, कंप्रेसर, दिवे, ट्रान्सफॉर्मरचा लॉस. त्यावर प्रत्येक टनाला ६०० युनिट. ३०० टनाच्या महिन्यात एकूण २,७०,००० युनिट, म्हणजे टनाला ९००. ऑर्डरी वाढून ४५० टन ओतलं तर ३,६०,००० युनिट, टनाला ८००. एक बोल्टही न बदलता ११ टक्के "बचत". १० टक्क्यांची अट पार! उलट ज्याने खरंच काम केलं आणि त्याच वर्षी मंदी आली, त्याचं उत्पादन २०० टनांवर आलं की १० टक्के वाचवूनही टनाला ९४५ दिसतात. तो बिचारा नापास.

म्हणून नुसता टनामागचा आकडा आधाररेषा म्हणून चालत नाही. किमान १२ महिन्यांचे युनिट आणि टन आलेखावर मांडा, रेषा बसवा, स्थिर भाग आणि टनाला लागणारा भाग वेगळे काढा. काम झाल्यावर, नव्या महिन्याच्या टनांना जुन्या रेषेप्रमाणे किती युनिट लागले असते ते काढा, त्यातून प्रत्यक्ष मीटरचा आकडा वजा करा. ती खरी बचत. माल बदलला, म्हणजे ग्रे आयर्नवरून एसजीवर (दुसऱ्या प्रकारच्या बिडावर) गेलात किंवा रिजेक्शन वाढलं, तर रेषा पुन्हा काढायची.

आणि रुपयांत तर मोजूच नका. केव्हीएएच बिलिंगमध्ये (यात काम न करणारा करंटही धरतात) कपॅसिटर पॅनेल बसवला की बिल उतरतं, केडब्ल्यूएच (खरी वापरलेली युनिटं) मात्र जवळपास तेवढंच राहतं. अशी पॅनेलं "एनर्जी सेव्हर" म्हणून विकणारे किती फिरताहेत ते सगळ्यांना माहीत आहे.

भट्टीकर
मापक, आधाररेषेचं मान्य. पण यावरून पाठबळच नको हे सिद्ध होत नाही. पाठबळाचा पहिला हप्ता सब-मीटरला द्या, एवढंच सिद्ध होतं.

हिशेबनीस, गळती टेपने बंद होते आणि सहा महिन्यांत परत येते. कपलिंग झिजतात, पॉलियुरेथेनची नळी गरम कास्टिंगला टेकून चरते. आणि प्रेशर १ बारने खाली आणलं की लाइनच्या टोकाला असलेला मोल्डिंग मशीनचा सिलिंडर अर्ध्यावर थांबतो, कारण हेडर (हवेचा मुख्य पाइप) अरुंद आहे आणि वाटेत पाच एल्बो (पाइपाचे कोपरे) आहेत. हेडर मोठा करून रिंग मेन (कारखान्याभोवती फिरून जोडलेली लाइन) टाकल्याशिवाय प्रेशर उतरवता येत नाही. त्याला पाइप लागतो, पैसे लागतात. फुकटची बचत जिथे संपते तिथूनच पाठबळाची गरज सुरू होते.

स्टार्टर_पॅनेल
सगळ्या योजनांचा लाडका आयटम राहिलाच: जुनी मोटर काढा, आयई३ (जास्त कार्यक्षम वर्गाची) बसवा. १५ किलोवॅट, ४ पोल: आयई१ची कार्यक्षमता ८८.७, आयई३ची ९२.१. कागदावर ३.७ टक्के वीज वाचली. आता नेमप्लेट वाचा. जुनीवर १,४६० आरपीएम, नवीवर १,४७५, कारण चांगल्या मोटरची स्लिप (वेगातली घसरण) कमी असते. ब्लोअरला (हवा फेकणाऱ्या पंख्याला) लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. १,४७५ भागिले १,४६०, त्याचा घन १.०३१. म्हणजे ३.१ टक्के जास्त खर्च. बचत जवळपास संपली! अनुदान मात्र मिळालं, कारण इन्व्हॉइसवर आयई३ लिहिलंय.

उपाय सोपा आहे. बेल्ट ड्राइव्ह असेल तर मोटरची २०० मिमीची पुली १९८ची करा, ब्लोअरचा वेग पूर्वीइतका राहतो. पण हे कुठल्याही डीपीआरमध्ये (प्रकल्प अहवालात) लिहिलेलं दिसत नाही.

हिशेबनीस
बघा. मी एवढंच म्हणत होतो. पैसे वस्तूला जातात, बचतीला नाही.

जुना_वाइंडर
घनाचा नियम सरसकट लावू नका. कंप्रेसरला आयई३ लावली तर तो थोडा जोरात फिरेल, हवा थोडी जास्त देईल आणि लवकर अनलोड होईल. तिथे नुकसान जवळपास नाही. टाकी भरणाऱ्या पंपाचंही तसंच, तो लवकर बंद होतो, फक्त पाइपातलं घर्षण किंचित वाढतं. तुमचं गणित सतत चालणाऱ्या पंख्याला लागू पडतं.

आणि मोटर बदलण्याच्या नादात रिवाइंडिंगला (जळालेल्या मोटरची तार पुन्हा गुंडाळण्याला) सरसकट बदनाम करतात त्याचा मला खरंच संताप येतो. "रिवाइंड केलं की २ टक्के गेले" हे वाक्य ऑडिट रिपोर्टांत एकातून दुसऱ्यात उतरवलं जातं. नीट केलं तर घट नगण्य असते.

स्टार्टर_पॅनेल
"नीट केलं तर." बाजारात किती जण नीट करतात? जुनी वाइंडिंग काढायला गॅस टॉर्च सरळ स्टेटरवर (मोटरच्या स्थिर भागावर) धरतात. कोअरच्या पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळतं, एडी करंट (पत्र्यांत वाया जाणारा) वाढतो, मोटर नो-लोडलाच गरम. वर तार मिळाली नाही म्हणून एक गेज बारीक. कंप्रेसरबद्दल तुमचं बरोबर आहे, तेवढं मागे घेतो. रिवाइंडिंगबद्दल नाही.

जुना_वाइंडर
टॉर्चवाल्यांवरून सगळ्यांना झोडपू नका! तापमान नियंत्रित ओव्हनमध्ये ३५०-३६० अंशांवर वाइंडिंग जाळली तर कोअरला धक्का लागत नाही. तपासायचं कसं तेही सांगतो. मोटर जळण्याआधीचा नो-लोड करंट आणि वॅट लिहून ठेवा, रिवाइंड होऊन आल्यावर त्याच व्होल्टेजला पुन्हा मोजा. वॅट लक्षात येण्याइतके वाढले असतील तर कोअर गेली, ती मोटर घेऊ नका. तिन्ही फेजचा रेझिस्टन्सही जुन्याशी जुळला पाहिजे. वाढला असेल तर तार बारीक वापरली आहे. सरकारला पैसे घालायचेच असतील तर क्लस्टरमध्ये (एका भागातल्या कारखान्यांच्या समूहात) एक बर्न-ऑफ ओव्हन आणि एक टेस्ट बेंच द्यावा. शंभर नव्या मोटरींपेक्षा जास्त उपयोग होईल.

वाफ
सगळी चर्चा विजेवर. डाइंग, दूध प्रक्रिया, कागद, औषधं, इथे मोठा खर्च इंधनाचा असतो आणि त्याची बाजू कुणी घेत नाही. धुराड्यातल्या वायूचं तापमान २२ अंशांनी उतरवलं की साधारण १ टक्का इंधन वाचतं. फीड वॉटर (बॉयलरला भरायचं पाणी) ६ अंशांनी वाढवलं की आणखी १ टक्का. कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) ८०-९० अंशांवर गटारात सोडायचा आणि बॉयलरला ३० अंशांचं पाणी भरायचं, हे राजरोस चालतं. स्टीम ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकला तर वाफ थेट रिटर्न लाइनमध्ये, आणि लोक समाधानाने म्हणतात की फीड टँक छान गरम आहे.

घाई करणाऱ्यांना एक इशारा. फर्नेस ऑइलसारखं गंधक असलेलं इंधन असेल तर इकॉनॉमायझर (धुराच्या उष्णतेने पाणी तापवणारं यंत्र) लावून धूर फार थंड करू नका. आम्ल साचून ट्यूबा सडतात आणि मग बचतीचे पैसे नव्या ट्यूबांत जातात.

लेथवाला
इंधन आलं की मोजणी आणखी अवघड. लाकूड-ब्रिकेटवाल्याकडे (ब्रिकेट म्हणजे भुशाच्या विटा) फ्लो मीटर नाही, ट्रकच्या वजनावर हिशेब. पावसाळ्यात तेच ब्रिकेट ओलं. आधाररेषा कुठून आणणार?

मापक
वाफेचा फ्लो मीटर बसवा, नाहीतर निदान फीड वॉटरचा. ब्लोडाउन (बॉयलरमधून मुद्दाम सोडलेलं पाणी) वजा करून किलो वाफेला किलो इंधन काढा आणि प्रत्येक गाडीच्या नमुन्यातला ओलावा नोंदवा. अचूक नसेल, पण मागच्या वर्षाशी तुलना करण्याइतकं पुरेसं आहे.

हिशेबनीस
ठीक आहे. मीटर, टेस्ट बेंच, रिंग मेन यांना सार्वजनिक पैसा लावायला माझी हरकत नाही. यातलं काही एकट्याला परवडत नाही आणि काहीचा फायदा सगळ्या क्लस्टरला होतो. पण कोटेशन दाखवून नव्या मशीनवर सवलत, याला माझा विरोध कायम. द्यायची तर बारा महिन्यांनी, मापक म्हणतात त्या रेषेवर मोजून द्या.

भट्टीकर
बारा महिने थांबायला खेळतं भांडवल लागतं, ते त्याच्याकडे असतं तर तो आपल्याकडे आलाच नसता. अर्धी सुरुवातीला, अर्धी मोजणीनंतर. याखाली मी येणार नाही.

हिशेबनीस
आणि मोजणीत नापास झाला तर सुरुवातीची अर्धी परत घ्यायची. हे लिहून देणार असाल तर बोलू.

लेथवाला
स्टार्टर_पॅनेल, ती १९८ची पुली बाजारात तयार मिळत नाही. २००ची उतरवली तर ग्रूव्ह (बेल्टची खाच) उथळ होऊन बेल्ट वर येणार नाही का?

स्टार्टर_पॅनेल
नुसता बाहेरचा व्यास उतरवला तर येईलच, आणि वेगही बदलणार नाही. पिच व्यास (बेल्ट जिथे बसतो तिथला) १९८ झाला पाहिजे, म्हणजे ग्रूव्हसुद्धा त्याच कोनात तेवढाच खोल घ्यायचा. नंतर ग्रूव्ह गेज लावून बघा आणि बेल्टचा ताण पुन्हा बसवा. वेब (पुलीचा मधला पत्रा) पातळ असेल तर लेथवर चढवूच नका, ब्लोअरच्या बाजूला १ टक्का मोठी, म्हणजे २००ची असेल तर २०२ची, पुली करून घ्या. तुमच्याकडे ब्लोअरची पुली किती मिमीची आहे?