मदत हवी आहे: उत्तनला आईच्या खोलीत एअर प्युरिफायर कुठला ठेवू?

उत्तनची_लेक:
जरा लवकर सांगा, शनिवारी जायचंय, त्याआधी घ्यायचा आहे. आई भाईंदरजवळ उत्तनला एकटी असते, वय ७१, जुना दमा. पावसाळाभर ठणठणीत. दिवाळी झाली की खोकला सुरू, तो थेट शिमग्यापर्यंत. मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. इथे चहूकडे बांधकामाची धूळ, म्हणून तिला इकडे आणत नाही. तिकडे समुद्र पन्नास पावलांवर, तरी ही अवस्था! बजेट दहा हजार. कुठला घेऊ?

खाडीकाठी:
खोली केवढी? दारं-खिडक्या बंद असतात का? उघड्या घरात प्युरिफायर म्हणजे पैसे पाण्यात. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, पण वास आणि वायू अडवत नाही. त्याला कार्बनचा थर लागतो.

उत्तनची_लेक:
दहा बाय बारा. दिवसा सगळं उघडं, रात्री बंद.

हिरवा_अंगण:
ताई, मशीन कशाला? समुद्राची खारी हवा हेच दम्याचं औषध. सकाळी किनाऱ्यावर चालायला लावा आणि अडुळशाचा काढा द्या. माझ्या सासूबाईंना गुण आला.

औषधवाला:
काढा द्यायचा तर द्या, पण दम्याचा पंप बंद करू नका. आई पंप रोज घेतात की धाप लागल्यावरच? स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, आहे का?

उत्तनची_लेक:
धाप लागली की घेते. डॉक्टरांनी रोजचा वेगळा दिलाय, पण "सवय लागते" म्हणून ती घेत नाही. स्पेसर नाही. पण माझा प्रश्न हवेचा आहे. मोबाइलवर एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा आकडा, ११० दाखवतोय. एवढा काही वाईट नाही ना?

आकडेमोड:
१०१ ते २०० म्हणजे 'मध्यम'. दमेकऱ्यांना त्यातही त्रास होतो. शिवाय पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या बारीक कणांचा, आकडा २४ तासांच्या सरासरीवर काढतात, मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. पहाटेचे तीन तास घाण हवा असेल तर ती सरासरीत बुडून जाते. खोकला कधी येतो ते सांगा.

उत्तनची_लेक:
पहाटे. चार-साडेचारला उठून बसते.

पाली_बंदर:
मग प्रश्नच नाही. मी तिथलाच. दुपारी खारे वारे समुद्राकडून येतात, तेव्हा वलांडीवर बोंबील कसे खडखडीत सुकतात बघा. रात्री वारा फिरतो, मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात. थंडीत जमिनीलगतची हवा गार असते, धूर वर चढतच नाही. डोंगरावरच्या डम्पिंग ग्राउंडचा कचरा पेटला की तो धूर पहाटे खाली आमच्या घरांवर उतरतो. पावसात कचरा भिजलेला असतो, म्हणून तेव्हा बरं वाटतं. कितीदा ओरडलो आम्ही!

आकडेमोड:
कचरा रोज पेटत नाही. खोकला मात्र रोजचा आहे.

पाली_बंदर:
तुम्ही कुठे राहता? इथे एक रात्र झोपून बघा, मग आकडे सांगा.

दर्यासारंग:
विषय निघालाच आहे तर, यंदा सुके बोंबील काय भाव आहेत? काजूपाडा सिग्नलपर्यंत कुणी आणून देईल का?

औषधवाला:
ताई, रात्री खिडक्या बंद का करतात? आणि डासांचं काय करतात?

उत्तनची_लेक:
धुराचा वास येतो म्हणून बंद. डासांना कॉइल, ती तर सगळेच लावतात.

औषधवाला:
बंद खोलीत? एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराएवढे असतात. २००३ सालच्या एका अभ्यासात मोजलं होतं. पावसाळ्यात खिडकी उघडी असते का?

उत्तनची_लेक:
हो. पावसाळ्यात एक फळी उघडी आणि पंखा चालू. थंडीत पंखाही बंद.

आता आठवतंय. पलंगाच्या उशाशी स्टुलावर एक पत्र्याचं झाकण असतं, त्यात सकाळी राखेचं अख्खं वेटोळं पडलेलं. वरच्या भिंतीवर चुना पिवळा पडलाय. मी दर वेळी ते झाकण उचलून राख टाकते आणि परत तिथेच ठेवते. इतकी वर्षं मला सुचलं कसं नाही!

खाडीकाठी:
तरीही प्युरिफायर घ्याच. डोंगराचा धूर आला की खिडकी बंद करावी लागणारच, तेव्हा कामाला येईल. दहा बाय बाराला छोटं मशीन पुरतं. फक्त फिल्टर बदलण्याचा खर्च आधी विचारा.

हिरवा_अंगण:
कॉइलऐवजी कडुलिंबाचा पाला जाळा.

औषधवाला:
कृपया नको. पाला जाळला तरी धूरच होतो. मच्छरदाणी लावा, रोजचा पंप सुरू करा, आणि शनिवारी डॉक्टरांकडे घेऊनच जा.

उत्तनची_लेक:
आत्ताच आईला फोन केला. म्हणते, "मच्छरदाणीत माझा जीव घुसमटतो, रात्री उठताना पाय अडकतो." कॉइल उशाकडून दाराबाहेर ठेवायला कबूल झाली, तेवढंच. चारही बाजूंनी उंच, पलंगाबाहेरून सोडता येईल अशी मोठी मच्छरदाणी ठाण्यात कुठे मिळेल?

पाली_बंदर:
जांभळी नाक्याच्या बाजारात बघा. मापाची शिवूनही देतील. आणि ताई, घर पालीत की चौकला? आमची आई रोज सकाळी त्या बाजूला जाते, तुमच्या आईकडे डोकावून येईल.