खनिजाच्या वाटेवर वारसाफेरी: गोव्यात ती हवी का?

धागालेखक:
इंग्लंडमध्ये डार्टमूर या माळरानावरील हेटॉर येथे जॉर्ज टेम्पलर यांनी 1820 मध्ये खाणीतला ग्रॅनाइट खाली नेण्यासाठी ट्रॅमवे सुरू केला आणि त्याचे रूळही ग्रॅनाइटमध्येच कोरून घेतले. भरलेल्या गाड्या उतारावर आपल्याच वजनाने खाली येत, रिकाम्या गाड्या घोडे वर ओढून नेत. पुढे तो दगड स्टोव्हर कालव्यातून टिनमथ बंदराकडे जाई. 1831 च्या लंडन ब्रिजसाठीही तो वापरला गेला. आज हेटॉर ते टिनमथ हा सुमारे 29 किलोमीटरचा मार्ग 'टेम्पलर वे' म्हणून पायी चालता येतो, आणि वाट जेथे फुटते तेथे एकाच दगडात कोरलेल्या दोन खाचा अजूनही गवतात दिसतात.

खाण, उतार, जलमार्ग, बंदर ही साखळी आपल्याला नवी नाही. डिचोली-साखळी या गावांकडचे लोहखनिज ट्रकने मांडवीच्या जेटीवर आणि तेथून बार्जने, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीने, मुरगाव बंदराला जात असे; पावसाळ्यात आग्वादजवळ नदीचे मुख धोक्याचे झाले की बार्ज कुंभारजुवे कालव्यातून जुवारी नदीत उतरत. या वाटेवर वारसाफेरी सुरू व्हावी, असे माझे मत आहे. किल्ले, देवळे आणि चर्च यांपलीकडे गोव्याला इतिहासच नाही, हा समज आपणच पोसला आहे.

डिचोलीकर:
तुलनाच मुळात चुकते आहे. हेटॉरच्या ट्रॅमवेचा वापर 1858 च्या सुमारास थांबला. त्या धुळीत वाढलेले कोणीही आज हयात नाही. आमच्या शेतांत खाणीचा गाळ उतरला, ट्रकच्या रांगांतून मुलांनी नाकाला रुमाल लावून शाळा गाठली, आणि 2012 ची खाणबंदी व 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेली खाणींची 88 लीज (भाडेपट्टा) नूतनीकरणे यांनंतर कर्जावर ट्रक घेतलेली घरे उघड्यावर आली. शिवाय लिलावानंतर 2024 पासून डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले आहे. वाट अजून चालू असताना तिला वारसा कसे म्हणायचे? पर्यटकांना खनिजाच्या टिप्पर ट्रकच्या मागून चालवणार का?

धागालेखक:
धूळ, गाळ आणि न्यायालयाचे निकाल फलकांवर आलेच पाहिजेत. ते वगळून केलेली फेरी ही खाणमालकांची जाहिरात ठरेल. परंतु जखम ताजी आहे म्हणून नोंदच करायची नाही, हे मला पटत नाही.

कुडचडेकर:
मला दोघांचेही अर्धेच पटते. हेटॉरचे रूळ टिकले ते दगडाला भंगारात भाव नव्हता म्हणून. लोखंडाचे असते तर केव्हाच उपटून विकले गेले असते. आमचे बार्ज लोखंडी, त्यामुळे बंदीनंतर कित्येक कापून विकले गेले. तेव्हा एखादा बार्ज, एखादी जेटी आणि बार्जवर काम केलेल्या खलाशांच्या आठवणी आताच जपायला हव्यात. पन्नास वर्षांनी फलक लावायलाही काही उरणार नाही. मात्र फेरी रस्त्याने नको, होडीतून काढा, म्हणजे टिप्परचा प्रश्नही राहणार नाही.

डिचोलीकर:
बार्ज जपायला माझी हरकत नाही. पण होडी जेटीवर लागणार आणि जेटी कोणत्या तरी गावातच असणार. तेथल्या ग्रामसभेपुढे आधी प्रस्ताव ठेवा, वाटाडे गावातलेच असतील आणि पैसा गावाकडेच राहील, हे लिहून द्या; अन्यथा त्याच सभेत मी विरोधात बोलेन.