थायराट्रॉन बंद कोण करतं? (सोसायटी ग्रुप, रात्री साडेदहा)

बी-२०४ : काका जागे आहात का, उद्या इंजिनिअरिंग कॉलेजला, कलाभवनला, व्हायवा आहे आणि रडारचा ट्रान्समीटर डोक्यात शिरतच नाहीये, २५ हजार व्होल्ट फक्त एक मायक्रोसेकंद, इतक्या पटकन बंद होणारा स्विच असतो तरी कुठला?

ए-१०१ : जागा आहे रे. स्विच तो झटका (पल्स) बंद करतच नाही, सगळे तिथेच अडकतात. जुन्या रडारात हायड्रोजन थायराट्रॉन, म्हणजे हायड्रोजन भरलेली स्विचची नळी, तिच्या ग्रिडला (आतल्या जाळीला) ट्रिगर दिला की जांभळट उजेड पडतो आणि तो चालू, मग ग्रिडचं काही ऐकत नाही, करंट संपला की आपोआप विझतो. पल्सची लांबी ठरवते पीएफएन (पल्स फॉर्मिंग नेटवर्क), म्हणजे कॉइल-कपॅसिटरची साखळी.

बी-२०४ : मग एकच मोठा कपॅसिटर का नाही लावत

ए-१०१ : त्याचं व्होल्टेज घसरत घसरत उतरतं, पल्सचा माथा सपाट मिळत नाही. साखळीत लाट निघते, पलीकडचं टोक उघडं, तिथे आपटून परत येते आणि ती येईपर्यंत लोडला, म्हणजे ज्याला पल्स द्यायचा त्याला, व्होल्टेज एकसारखं. जायला अर्धा मायक्रोसेकंद, यायला अर्धा, झाला एकाचा पल्स.
आता आकडे धर, सप्लाय ५ हजार व्होल्ट, चोकमधून (मोठ्या कॉइलमधून) रेझोनंट चार्जिंगने साखळीवर जवळपास दुप्पट, १० हजार, लोड मॅच असला, म्हणजे त्याचा इंपिडन्स साखळीइतकाच असला, की त्याला निम्मे म्हणजे ५ हजार, पुढे पल्स ट्रान्सफॉर्मर एकास पाच, मॅग्नेट्रॉनला, म्हणजे रडारच्या लहरी तयार करणाऱ्या नळीला, २५ हजार.

सी-३०३ : अगबाई, लाइट बिल किती येत असेल 😳

ए-१०१ : वहिनी, २५ हजार व्होल्ट आणि ४० अँपियर धरले तर पल्सपुरते १० लाख वॅट, पण सेकंदाला असे हजारच पल्स, म्हणजे मॅग्नेट्रॉनला सरासरी १ किलोवॅट, तुमच्या गिझरच्या निम्मं.

बी-२०४ : माथा थोडा वाकडा असला तर बिघडतं काय?

ए-१०१ : खूप बिघडतं. करंट हलला की मॅग्नेट्रॉनची फ्रिक्वेन्सी हलते. आमच्याकडे एकदा साखळीतला एक कपॅसिटर गेला, स्कोपवर (ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर) माथ्याला खळगा दिसला, आम्ही दोन दिवस थायराट्रॉनच बदलत बसलो, मला अजून त्याची रुखरुख आहे. तू आधी स्कोप बघ, खळगा कुठे पडलाय त्यावरून कुठला सेक्शन ते कळतं.

बी-२०४ : थँक्यू काका 🙏 परवा लॅबमध्ये छोटी पीएफएन उघडणार आहेत

ए-१०१ : मग नीट ऐक. पॉवर बंद केली तरी आधी अर्थिंग रॉड (अर्थला जोडलेला दांडा) कपॅसिटरला लाव आणि लगेच काढू नकोस, कपॅसिटरमध्ये चार्ज पुन्हा वर येतो, हात बाहेर येईपर्यंत रॉड तिथेच टांगलेला राहू दे.