ब्लॅक सॅबथ: ओझी आणि डिओ ऐकून झाले, आता टोनी मार्टिनचे अल्बम कुठून सुरू करावेत?

रिफवेडा
ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचे, गायक ओझीचे पहिले सहा अल्बम, म्हणजे १९७० च्या 'ब्लॅक सॅबथ'पासून १९७५ च्या 'सॅबोटाज'पर्यंत, चांगले ओळखीचे आहेत. त्यानंतरचा गायक डिओ, त्याचे 'हेवन अँड हेल' आणि 'मॉब रूल्स'सुद्धा. गोंधळ त्यापुढे आहे. १९८३ ते १९९५ या काळात आठ अल्बम आणि चार गायक! यांना सॅबथ म्हणायचं की गिटारवादक टोनी आयोमीचे एकट्याचे अल्बम म्हणायचं? त्यांतले गायक टोनी मार्टिनचे अल्बम ऐकायला सुरुवात कुठून करावी? आणि 'बॉर्न अगेन' गोधडीखालून वाजल्यासारखा का येतो? माझ्याकडची सीडी खराब आहे की मुळातच तसा आहे?

जाडतार
गायक बदलला की आयोमीची लिहिण्याची पद्धत बदलते, हे धरून ऐकलं तर सगळा काळ सुटा सुटा वाटत नाही.

ओझी बहुतेक वेळा रिफच्या, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीच्या, चालीवरच गातो. 'आयर्न मॅन'चं कडवं घ्या, किंवा 'एन. आय. बी.'चं. गिटार आणि गळा एकाच वाटेने जातात, त्यामुळे रिफ हीच गाण्याची चाल होते आणि ती डोक्यात बसते. शब्द बहुतांश बासवादक गीझर बटलरचे. डिओ आल्यावर हे मोडलं. तो शब्द स्वतः लिहायचा आणि चाल रिफच्या वरून, आडवी न्यायचा. त्याला जागा हवी म्हणून गिटारने मागे सरायला सुरुवात केली. 'हेवन अँड हेल' या गाण्याच्या कडव्यात नीट कान द्या: गाडी गीझरचा बास ओढतो, आयोमी मधूनमधून रंग भरतो. अशी मोकळी जागा 'मास्टर ऑफ रिॲलिटी'त कुठेच नाही.

फरक पडताळायचा असेल तर 'पॅरानॉइड'मधलं 'वॉर पिग्ज' आणि 'लाइव्ह इव्हिल'मधलं डिओचं 'वॉर पिग्ज' लागोपाठ लावा. ओझी सरळ, सपाट, जवळजवळ दवंडी दिल्यासारखा गातो आणि गाण्याला तेच हवं आहे. डिओ ओळीचा शेवट ताणतो, मध्ये स्वतःच्या जागा घेतो. गळा कितीतरी तयार, पण गाण्यातली भीती कमी होते. उलट 'चिल्ड्रेन ऑफ द सी' ओझीच्या गळ्यात कल्पून पाहा, बसत नाही.

'सेवन्थ स्टार' (१९८६) मात्र खरंच आयोमीचा एकट्याचा अल्बम म्हणून ठरला होता. कंपनीच्या आग्रहामुळे त्यावर सॅबथचं नाव आलं. ग्लेन ह्यूजचा गळा सोल आणि ब्लूजकडे झुकणारा आहे. सॅबथ म्हणून ऐकाल तर निराशा, आयोमी म्हणून ऐकाल तर उत्तम.

डबलबास
जाडतार, गायकावर एवढा भार टाकणं मला पटत नाही. 'मॉब रूल्स' (१९८१) आणि 'डीह्युमनायझर' (१९९२) यांत डिओ, आयोमी, गीझर, व्हिनी अपिस हे चौघेही तेच. तरी दुसरा अल्बम किती कोरडा आणि जड! शब्दांतून किल्ले, इंद्रधनुष्यं गेली, 'कॉम्प्युटर गॉड' आणि 'टीव्ही क्राइम्स' आली. निर्माता बदलला होता, मार्टिन बर्चच्या जागी माक. तेव्हा फरक फक्त गळ्याचा असतो हे खरं नाही.

ड्रमरकडे बघा. बिल वॉर्डचं वाजवणं जॅझमधून आलेलं. तो ठोक्याच्या किंचित मागे रेलतो, म्हणून संथ रिफ झुलतात. व्हिनी ठोका ठोकून बसवतो. 'हेडलेस क्रॉस' (१९८९) चा भव्यपणा निम्मा तरी कोझी पॉवेलचा आहे, शीर्षकगीताचं पहिलं अर्धं मिनिट पुरेसं आहे. त्या अल्बमवर बास लॉरेन्स कॉटल या स्टुडिओ वादकाचा. गीझर नसल्याने खालचा थर गुळगुळीत होतो, आणि मार्टिन-काळ 'सॅबथसारखा वाटत नाही' अशी जी तक्रार येते तिचं खरं मूळ मला तिथे दिसतं. 'क्रॉस पर्पजेस'मध्ये (१९९४) गायक मार्टिनच, पण गीझर परत आला आणि लगेच मातीचा वास आला.

जाडतार
गीझरबद्दल मान्य. पण 'डीह्युमनायझर'चं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. डिओने लिहिण्याचे विषय बदलले म्हणून चाली तुटक झाल्या आणि रिफ पुन्हा पुढे आले.

रिफवेडा, मार्टिनसाठी माझा क्रम: आधी 'हेडलेस क्रॉस'. त्यातल्या 'व्हेन डेथ कॉल्स'मध्ये सोलो 'क्वीन' बँडच्या ब्रायन मेचा आहे. मग 'क्रॉस पर्पजेस', मग 'टिअर' (१९९०), ज्यात नॉर्स पुराणांतले ओडिन आणि वल्हाला येतात. 'इटर्नल आयडल' (१९८७) त्यानंतर. तो आधी रे गिलनने गायला होता, तो बाहेर पडल्यावर मार्टिनने त्याच संगीतावर पुन्हा गाणं केलं. २०१० च्या दोन सीडींच्या आवृत्तीत गिलनचं ध्वनिमुद्रणही आहे. आपल्या वादाचा निकाल लावायला याहून चांगला पुरावा नाही: वादन जवळपास तेच, गळा वेगळा. गिलन ब्लूजकडे ओढतो, मार्टिन चाल उंच आणि स्वच्छ ठेवतो, आणि त्याच रिफचं वजन बदलतं.

'फॉरबिडन' (१९९५) सर्वांत शेवटी, आणि जुन्या मिक्समध्ये (सुटे ट्रॅक जुळवून केलेल्या जुन्या मिश्रणात) नकोच. २०२४ च्या 'ॲनो डॉमिनी' संचात आयोमीने तो नव्याने मिक्स केला आहे, गिटारला अंग आलं आहे. त्या संचात 'हेडलेस क्रॉस', 'टिअर' आणि 'क्रॉस पर्पजेस'ही आहेत. 'इटर्नल आयडल' नाही, तो वेगळा घ्यावा लागेल.

तिसरा_ट्रॅक
'बॉर्न अगेन'बद्दल: सीडी बदलून उपयोग नाही, दोष मूळ मिक्समध्येच आहे. खालचे स्वर फुगलेले, झांजा आणि इयान गिलनचा (वरचा रे गिलन वेगळा) गळा त्यात बुडालेला. २०११ ची आवृत्ती रिमास्टर आहे. रिमास्टर म्हणजे तयार झालेल्या दोन चॅनेलच्या मिक्सवर हात फिरवणं, त्यात गळा वेगळा करून वर काढता येत नाही. त्यासाठी सुटे ट्रॅक घेऊन रिमिक्सच करावं लागतं.

घरी थोडी सुधारणा होते. इक्वलायझरवर २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास ३ डेसिबल कमी करा, ३ ते ४ किलोहर्ट्झला २ डेसिबल वाढवा. त्याहून जास्त वाढवलं तर गिलनच्या किंकाळ्या कानात टोचतात, 'डिस्टर्बिंग द प्रीस्ट'वर लगेच कळेल. ६० हर्ट्झच्या खाली हात लावू नका, 'झिरो द हिरो'चा रिफ तिथून उचलला जातो. लाऊडनेसचं बटण चालू असेल तर आधी बंद करा, ते पुन्हा तोच फुगवटा आणतं.

२०११ च्या आवृत्तीतली दुसरी सीडीही सोडू नका. त्यात १९८३ च्या रेडिंग महोत्सवातलं प्रत्यक्ष वादन आहे. तिथे आवाज मोकळा आहे आणि स्टुडिओत झाकलेली गाणी ऐकू येतात.