छत्तीस सामने एका पारड्यात, दोन सामने दुसऱ्या: आराऊचा २०१८-१९चा मोसम आणि बराज

आरेकाठ

स्विस फुटबॉलमध्ये वर सुपर लीग, तिच्याखाली चॅलेंज लीग. सुपर लीगमधल्या एका जागेसाठी वरचा तळाजवळचा संघ आणि खालचा एक संघ यांच्यात जी दोन सामन्यांची लढत होते, ती बराज. आराऊ माझा क्लब, सेर्वेत जिनिव्हाचा. परवा ‘लेमान’ यांनी लिहिलं होतं: "२०१८-१९चा चॅलेंज लीगचा मोसम म्हणजे सेर्वेत वर गेलं, एवढंच. आराऊवाल्यांनी बराजच्या नावाने गळा काढणं आता थांबवावं. परगावी ४-० जिंकून घरी ४-० हरणाऱ्यांना वर जायचा हक्कच नव्हता."

तिथेच चार ओळी लिहिल्या आणि पुसल्या. पण राग काही जाईना, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

दहा संघ, प्रत्येकाशी चार वेळा गाठ, एकूण ३६ सामने. आराऊची सुरुवात अशी की आठवलं तरी पोटात कालवतं. हार, मग पुन्हा हार, आणि संघ थेट तळाला. आमच्या ब्र्युग्लिफेल्ड मैदानाच्या, उभं राहून सामना बघायच्या पायऱ्यांवर तेव्हा एवढी मोकळी जागा असायची की आपली पिशवी शेजारच्या पायरीवर ठेवून आरामात सामना बघावा. दुसऱ्या कुठल्या क्लबने प्रशिक्षकाला दिवाळीआधीच घरी पाठवलं असतं. इथे पॅट्रिक रामेन टिकले, आणि तळातला तोच संघ वसंतापर्यंत चढत चढत दुसरा आला. लोझानसारख्या पैसेवाल्या क्लबला मागे टाकून आला. माझ्या मते त्या मोसमाची खरी गोष्ट ही आहे. सेर्वेतने लीग जिंकली, मान्य. पण चढण चढलं ते आराऊ.

आणि त्याचं बक्षीस काय? वरच्या लीगमधल्या नवव्या संघाशी, म्हणजे नोयशातेलच्या क्झामाक्सशी दोन सामने. बराज सहा मोसम बंद होती, ती नेमकी त्याच वर्षी परत आणली. ३० मेला त्यांच्या मैदानावर आम्ही ४-० जिंकलो. २ जूनला, रविवारी, घरी ०-४. जादा वेळ, मग पेनल्टी, आणि संपलं.

माझ्या शेजारी एक सत्तरीतले गृहस्थ उभे असायचे. १९९३ साली आराऊ देशाचं विजेतं झालं, तेव्हाही त्याच पायरीवर होते म्हणत. शेवटची पेनल्टी झाल्यावर त्यांनी गळ्यातला काळा-पांढरा मफलर काढला, रुमालासारखी त्याची चौपदरी घडी घातली, कोटाच्या खिशात ठेवला आणि गुडघा धरत पायऱ्या उतरले. एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या मोसमात ती पायरी रिकामीच होती.

माझी मागणी साधी आहे. पहिले दोन संघ थेट वर घ्या. छत्तीस सामन्यांची कमाई दोन सामन्यांवर लावायची, हा कुठला न्याय?

लेमान

माझं वाक्य उद्धृत केलंत, बरं केलंत. एक अक्षर मागे घेत नाही.

दुसऱ्या नंबरचं दुःख तुम्ही जिनिव्हाच्या माणसाला शिकवणार? २००५ साली सेर्वेतचं दिवाळं निघालं आणि सतरा वेळचा विजेता क्लब तिसऱ्या पायरीवर जाऊन पडला. वर आलो. मग २०१४-१५. चॅलेंज लीगमध्ये दुसरे आलो आणि लायसन्स नाकारलं म्हणून परत तिसऱ्या पायरीवर. नीट वाचा, दुसरे येऊन आम्ही खाली गेलो. दुसऱ्या नंबरचा हक्क वगैरे भाषा माझ्यासमोर नको.

आणि ज्या सहा वर्षांत बराज नव्हती, तेव्हा दुसऱ्याला काय मिळायचं? शून्य. २०१६-१७ मध्ये झ्युरिख वर गेलं. दुसरं कोण होतं? तुमचं नावडतं क्झामाक्स. त्यांना दोन सामन्यांची संधीसुद्धा मिळाली नाही. पुढच्या वर्षी लीग जिंकली तेव्हाच वर गेले. तुमच्या आराऊला निदान दार तरी उघडं होतं. ४-०ची शिदोरी घेऊन गेलात आणि उंबरठ्यावर सांडलीत. त्यात नियमाचा काय दोष?

पेठेतला_बॅक

लेमान, शंभर टक्के.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमच्या भिंतीवर बसून फुटबॉल शिकलो. आमच्याकडं लीगमध्ये कोण कितवा आला हे चार दिवसांत विसरतात. बाद फेरीत पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की मात्र पेठेतली दुकानं लवकर बंद. माझा थोरला भाऊ एका छोट्या तालमीकडनं खेळायचा. एका उपांत्य सामन्यात त्याची पेनल्टी बारवर लागली. आज पन्नाशीला आलाय, तरी गणपतीत आरती झाल्यावर कुणीतरी विषय काढतंच. पण आजवर त्यानं एकदाही म्हटलं नाही की नियम चुकीचा होता. म्हणतो, "पाय माझा, चूक माझी."

दोन सामन्यांत कस लागतो, दादा. छत्तीस सामन्यांत नुसता हिशेब लागतो.

आरेकाठ

@पेठेतला_बॅक, तुमच्या भावांबद्दल आदर आहे. पण ती स्पर्धाच बाद फेरीची होती, सगळे ते ठरवूनच उतरले होते. इथे वर्षभर लीग खेळायची आणि शेवटी म्हणायचं की आता बाद फेरी. तीही अशा संघाशी, जो वर्षभर वरच्या पैशावर, वरच्या खेळाडूंशी खेळून आलाय.

@लेमान, सेर्वेतवर अन्याय झाला म्हणून आराऊवरचा अन्याय न्याय होत नाही.

थोडे आकडे देतो. २०१९ ते २०२५ सात बराज झाल्या. त्यातल्या पाच वेळा वरचाच संघ वर राहिला. टून २०२१ मध्ये सियोंकडून हरलं, २०२४ मध्ये ग्रासहॉपर्सकडून. २०२२ मध्ये शाफहाउझन लुझर्नकडून. आराऊ २०१९ मध्ये, परत २०२५ मध्ये. पूर्वीच्या बराजमध्ये २०१२ साली सियोंकडून हरलो ते वेगळंच. त्या सियोंचे ३६ गुण कापले होते म्हणून ते तळाजवळ होते, एरवी ते वरच्या चौघांतले. असल्या संघाशी आमची गाठ घातली! खालच्यांपैकी जिंकलं कोण? २०२० मध्ये लिख्टेनश्टाईनचं फाडुत्स आणि २०२३ मध्ये लोझान-ऊशी. सातात दोन.

ऱ्हाइनपार

सातात दोन म्हणजे दार बंद नाही ना? मी बुक्समध्ये राहतो, पूल ओलांडला की फाडुत्सचं मैदान. २०२०ची ती बराज मी पाहिली आहे. घरी २-० जिंकलो, टूनला ४-३ हरलो, एकूण ५-४. शेवटची दहा मिनिटं मी घड्याळाकडे पाठ करून बसलो होतो. फाडुत्सचं बजेट टूनपेक्षा मोठं होतं असं कुणी म्हणणार नाही. तरी जिंकले. होतं असं.

आरेकाठ

फाडुत्सचं उदाहरण मला देऊ नका, हात जोडून सांगतो.

फाडुत्स स्विस क्लब नाही. दुसऱ्या देशाचा क्लब आहे. त्यांचा स्वतःचा चषक आहे, तो जवळजवळ दरवर्षी तेच जिंकतात आणि त्यावर थेट युरोपात जातात. २०२२-२३ मध्ये तर दुसऱ्या पायरीवरचा हा क्लब रापिड व्हिएन्नाला हरवून कॉन्फरन्स लीगच्या गटात खेळला. युरोपचा पैसा त्यांना मिळतो आणि चॅलेंज लीगमध्ये आमच्यासारख्यांसमोर उभे राहतात. २०२० मध्ये त्यांनी सुपर लीगमधली जागा घेतली, ती एका स्विस क्लबची होती.

आणि २१ मे २०२२ विसरलेलो नाही. शेवटचा दिवस, ब्र्युग्लिफेल्ड, समोर फाडुत्स. हरलो. विंटरथूर ३७ वर्षांनी वर गेलं, शाफहाउझन दुसरं, आम्ही तिसरे. बराजसुद्धा नाही. आमचा मोसम एका परदेशी क्लबने ठरवला.

ऱ्हाइनपार

हे फार झालं. "परदेशी क्लब" म्हणजे काय हो? लिख्टेनश्टाईनचे सातही क्लब कित्येक दशकांपासून स्विस रचनेत खेळतात, कारण त्या देशाला स्वतःची लीगच नाही. स्विस चषकात ते खेळत नाहीत, स्वित्झर्लंडची युरोपमधली जागा त्यांना घेता येत नाही, सुपर लीग जिंकली तरी नाही. म्हणजे निम्मे हक्क सोडूनच ते खेळतात. आणखी काय सोडायचं, जिंकणं?

तुम्ही स्वतः कुठून आलात, साहेब? मी नगरहून आलो. इथे माझ्या नावापुढेही "परदेशी" लागतंच, ऑफिसात, घर शोधताना, सगळीकडे. तुम्हालाही लागत असेल. मग तोच शब्द आपण दुसऱ्यावर फेकायचा?

आरेकाठ

माणसाचा विषय नाही, क्लबचा आहे. उगाच भावनिक करू नका.

ऱ्हाइनपार

मफलरच्या घडीची गोष्ट कुणी सांगितली? तिथे भावना चालतात, इथे नाही?

लेमान

या एका मुद्द्यावर ऱ्हाइनपार बरोबर आहेत. मला फाडुत्स आवडत नाही, वर्षानुवर्षं तिथे जाऊन गुण गमावलेत आम्ही. पण छत्तीस सामने त्यांनीही खेळले. घरच्या मैदानावर शेवटच्या दिवशी हरलात तर समोर कुठल्या देशाचा झेंडा होता याने काय फरक पडतो?

ज्युनियरची_आई

मी सहसा लिहीत नाही, पण फाडुत्सचा विषय निघाला म्हणून लिहिते. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, ऱ्हाइनच्या या बाजूच्या एका गावात खेळतो. त्याच्या संघात तीन मुलं पलीकडची आहेत. दर बुधवारी सायकलवर पूल ओलांडून येतात, पाठीला बूट लटकवलेले, पावसात भिजून. सामना असला की आम्ही आया आळीपाळीने गाड्या काढतो. कोण कुठल्या देशाचं हे आजवर एकाही मुलाने विचारलेलं ऐकलं नाही. विचारतात ते एवढंच की आज गोलकीपर कोण.

मागे एका क्लबने, नाव घेत नाही, मोसमाच्या मध्यावर आमच्या वयोगटाचा संघ बंद केला. आठवड्याचा निरोप, एक ओळीची मेल. त्या दिवशी याच पलीकडच्या मुलांच्या प्रशिक्षकांनी फोन करून आमच्या पोरांना सरावाला बोलावलं. आरेकाठदादा, तुमचं दुःख मला कळतं, माझ्या मुलाची खोलीही काळ्या-पांढऱ्या मफलरनेच सजली आहे. पण फाडुत्सला बाहेर काढा म्हणणाऱ्यांनी एकदा त्या पुलावर उभं राहून बघावं.

बालेवाडी_२०१३

बराज, फाडुत्स सगळं बाजूला ठेवून एक सांगू का?

२०१२-१३ मध्ये आमचं पुणे एफसी आय-लीगमध्ये दुसरं आलं. बालेवाडीच्या उन्हात बसून आम्ही घसा फोडला. दोन-तीन वर्षांत क्लबच उरला नाही. हरला नाही, खाली गेला नाही, बंद झाला. माझ्याकडे क्लबचा शर्ट आहे, तो घालून जायला मैदान नाही. आराऊ २०१९ मध्ये हरलं, २०२२ मध्ये हुकलं, २०२५ मध्ये परत हरलं, आणि तरी पुढच्या मोसमात तुम्हाला जायला ब्र्युग्लिफेल्ड आहे. क्झामाक्सचंच बघा. २०१२ मध्ये दिवाळं निघालं, खालच्या लीगमधून रांगत वर आले आणि त्या २ जूनला तुमच्यासमोर उभे राहिले. तो क्लबसुद्धा मेलेला होता हो!

आरेकाठ

@बालेवाडी_२०१३, क्झामाक्सबद्दल हे मी कधी असं बघितलं नव्हतं. बघायची इच्छाही नव्हती. पण ब्र्युग्लिफेल्डची फार आशा ठेवू नका. १९२४चं मैदान आहे, सुपर लीगच्या निकषांत बसत नाही. नव्या स्टेडियमला शहराने २००८ मध्ये हो म्हटलं, २०१९ मध्ये परत हो म्हटलं, तरी आम्ही अजून त्याच पायऱ्यांवर.

पेठेतला_बॅक

म्हणजे बराज जिंकून वर गेला असता तरी खेळला कुठं असता? हा मुद्दा आधी सांगायचा होता. सगळा राग बराजवर काढलाय.

आरेकाठ

वर गेलो असतो तर सवलत मागितली असती, आणि स्टेडियमला जोरही आला असता. वर जाणाऱ्या क्लबसाठी शहर हलतं. दरवर्षी पायरीवरच अडणाऱ्यासाठी कोण हलणार? म्हणून तर बराज डोक्यात जाते.

लेमान

दोन थेट वर घ्या म्हणता. २०२२-२३ मध्ये तसंच झालं होतं, सुपर लीग बारा संघांची करायची होती म्हणून. इव्हर्दों आणि लोझान थेट वर गेले. आणि तिसरं आलेलं लोझान-ऊशी बराज खेळून सियोंला खाली पाठवून वर गेलं. म्हणजे बराज होती म्हणून तिसऱ्यालाही संधी मिळाली. त्या वर्षी आराऊ पहिल्या तिघांत असतं तर तुम्हीच बराजची आरती केली असती.

आरेकाठ

केली असती, कदाचित. पण दोन थेट *आणि* तिसऱ्याला बराज, यात माझी मागणी पूर्णच होते. तसं कायमचं ठेवा, मी आजच हा धागा बंद करतो.

लेमान

वरचे क्लब ते मत कधीच देणार नाहीत. स्वतःच्याच पायाखालच्या दोन फळ्या कोण काढेल?

आरेकाठ

देणार नाहीत, ठाऊक आहे. म्हणून मागणं सोडायचं नाही.

@ज्युनियरची_आई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. @ऱ्हाइनपार, तुमचाही, आणि नगरवाली ओळ जास्त लागली. "परदेशी क्लबने मोसम ठरवला" हे वाक्य मागे घेतो. त्या दिवशी आम्ही वाईट खेळलो, फाडुत्स चांगलं खेळलं.

बराजबद्दलचं एकही वाक्य मागे घेत नाही.